जुन्या पावरहाऊसचा आवाज

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. रत्नागिरीत आमचं औषधाचं दुकान आहे, काउंटरला मी बसते. पोराला ताप भरलाय आणि आधी दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, मग आता औषध द्या म्हणत येणाऱ्या आयांना मी असं काही झापते, की नवरा आत खोके लावायला निघून जातो. या सदरातले अनुभवसुद्धा मी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचत आलेय. गाडीला हात करणारी बाई, बंद खोलीतली पावलं... चालू द्या तुमचं. तेव्हा आता तुम्हीही मला हसा, माझी हरकत नाही. फक्त हसून झालं की तुमच्यापैकी ज्याला पाण्यातलं, डोंगरातलं, आवाजातलं काही कळत असेल त्याने मला नीट उत्तर द्या. कारण ज्याची गोष्ट सांगतेय तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

आमचं गाव रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर, साखरप्याच्या अलीकडे आत वळलं की लागतं. नाव देत नाही, लोक उगाच मोबाईल घेऊन शूटिंग करायला यायचे. गावाच्या पाठीशी डोंगर आणि त्यातून उतरणारा पऱ्ह्या. पऱ्ह्या म्हणजे तुमच्याकडचा ओढा, पण आमचा मे महिन्यातसुद्धा वाहता असायचा. तो खाली काजळी नदीला मिळतो आणि काजळी रत्नागिरीला येऊन भाट्याच्या खाडीत जाते. हे सगळं नीट सांगतेय कारण पुढे लागणार आहे.

तर या पऱ्ह्यावर फार पूर्वी गावच्या खोतांनी पाणचक्की बसवली. वर बांध घालून पाणी अडवायचं, डोंगराच्या कडेने पाट काढून ते खाली आणायचं आणि चाकावर सोडायचं. चाक फिरलं की आत भात कांडलं जायचं. तोवर बाया घरोघरी मुसळाने कांडून हात सोलवटून घेत होत्या, त्यामुळे खोतांना नावं ठेवणारेसुद्धा चक्कीला नावं ठेवत नसत. चक्की बंद करायची तर पाटाच्या तोंडाशी खाचेत एक जाड फळी टाकायची. पाणी परत पऱ्ह्याला जायचं, चाक थांबायचं.

पुढे खोतांचा एक मुलगा मुंबईला कापडगिरणीच्या वीजखात्यात लागला. त्याच्या डोक्यात आलं, की चाक फिरतंच आहे तर त्याला डायनामो का जोडू नये? त्याने तो आणला. बैलगाडीतून, आणि शेवटचा चढ माणसांच्या खांद्यावरून. जुनं लाकडी चाक काढून लोखंडी बसवलं, आणि चक्कीचं पावरहाऊस झालं. देवळात एक बल्ब, प्रत्येक वाडीत खांबावर एक-दोन, आणि ज्यांना परवडेल त्यांच्या पडवीत एकेक. तालुक्याच्या गावाला वीज नव्हती तेव्हा आमच्याकडे होती, असं गावात अजून छाती पुढे काढून सांगतात. खरं-खोटं देव जाणे. आई म्हणते उजेड असा काही नव्हता, पिकलेल्या काजूबोंडासारखा तांबूस, पण माणसाचं तोंड दिसायचं.

लोखंडी चाकाचं एक पातं मोडलं होतं. ते गावात करून बसवलं आणि ते बाकीच्यांपेक्षा जड झालं. त्यामुळे चाक लंगडत फिरायचं. घूंऽऽ... धप्. घूंऽऽ... धप्. आमच्या आईची पिढी या आवाजावर झोपली आणि याच आवाजावर उठली.

आता खरी सांगायची गोष्ट. आमच्याकडे गावात कोणी गेलं की मढं उठेपर्यंत कामं बंद. नांगर धरायचा नाही, चूल पेटवायची नाही, मुसळ उचलायचं नाही. चक्की म्हणजे गावाचं मुसळच, म्हणून तीही बंद. फळी टाकायची. डायनामो आला तेव्हा यावरून मोठा वाद झाला म्हणे. खोतांचा मुलगा म्हणाला, दिवा लावणं म्हणजे काय कांडण आहे का? गाव म्हणालं, पाणी तेच, चाक तेच. गाव जिंकलं. मग कोणी गेलं की सगळ्या वाड्यांवरचे बल्ब एकदम जायचे आणि निरोप न धाडता गडीमाणसं लाकडं, बांबू घेऊन निघायची. आणि स्मशानात अग्नी दिला की एकजण धावत वर जाऊन फळी काढायचा. बायका स्मशानात जात नाहीत ना. घरी बसलेल्या बायकांना बल्ब आला की कळायचं, दिला अग्नी. मग त्या उठून चूल पेटवायच्या. आमची आई नवी नवरी होती तेव्हा तिचे सासरे गेले. ती सांगते, बल्बखाली सगळ्याजणी माना वर करून बसल्या होत्या, आणि तो आला तेव्हा सासूबाई पहिल्यांदा रडल्या.

सरकारी लाईन आली आणि हे सगळं संपलं. डायनामो, चाक, पट्टा, होतं नव्हतं ते भंगारात गेलं. मी तेव्हा पाळण्यात होते. उरल्या जांभ्या दगडाच्या चार भिंती, चाकाचा खड्डा आणि त्यावरची स्लॅब. म्हणजे तो आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. हे लक्षात असू द्या.

दादा गावातल्या हायस्कूलला शिकवायचा. लग्न केलं नाही. का ते विचारायचं नाही असं घरात ठरून गेलेलं होतं. रिटायर झाल्यावर त्याने त्या पावरहाऊसचा ध्यास घेतला. छोटं टर्बाइन बसवून पुन्हा चालू करायचं. म्हाताऱ्यांना गाठून जुन्या गोष्टी विचारायचा, झाडी तोडून पाट मोकळा करत बसायचा. मी चिडवायचे त्याला. अर्धं गाव कुलपात आहे, दादा बल्ब पेटवणार कोणासाठी, माकडांसाठी? तो म्हणायचा, माकडं तरी थांबलीत ना गावात. त्याला चिडवण्यात मजा नव्हती, तो आपणच हसायचा.

जुलैत एकदा पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. पाऊस भरात असताना बांधाला किती पाणी असतं ते बघून येतो म्हणून दादा सकाळी पेज जेवून निघाला. छत्री, काठी, पायात रबरी बूट. आई म्हणाली उद्या जा. तो म्हणाला, उद्या उतरेल पाणी. दुपारच्या आत वरचा डोंगर सुटला. आवाज गावभर आला म्हणतात. पावरहाऊसकडे जाणारी वाट, पाटाचा बराचसा भाग, सगळं दरडीखाली गेलं. पऱ्ह्याला असा लोंढा आला की खालचा साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, दिसेनासा झाला. आणि दादा परत आला नाही.

मला फोन आला पण रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी मी कशीबशी पोचले तेव्हा शोध सुरू झाला होता. गावची पोरं, तहसीलची माणसं, बाहेरून आलेली एक बचाव टीम. त्याच सकाळी दादाची छत्री मिळाली, साकवाच्या खाली बांबूच्या बेटात अडकलेली. मग कोणाला काय शंका राहणार? सगळे नदीला लागले. दोर, गळ, होडी. खाली भाट्याला खाडीतल्या मच्छीमारांनाही कळवलं, ते बिचारे अशा पाण्यात होड्या काढून बघून आले. वर जायचा प्रयत्नही झाला. पोरं दरडीपर्यंत गेली, हाका मारल्या, पण माती अजून सरकत होती आणि टीमच्या साहेबांनी कडक शब्दांत सांगितलं की याच्यावर पाय ठेवायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी कोणालाही दोष देत नाही. मीही तेच केलं असतं, आणि तेच म्हणत होते.

आई पडवीत बसून होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणजे जवळजवळ येतच नाही. फोन वाजलेला कळत नाही, मिक्सर लावला तरी कळत नाही. मी तिच्याशेजारी बसले तर माझा हात धरून म्हणाली,

"चक्की चालू हाय गो. खाली काय शोधत बसलेत? तो वर हाय."

मी तिला काय बोलणार? बाईचा मुलगा नाहीसा झालाय, ती काहीही बोलेल. मी हं म्हणून तिच्या बीपीच्या गोळ्या शोधायला उठले. पण ती तेवढ्यावर थांबेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायला लागली. चालू आहे म्हणजे मढं नाही, मढं नाही म्हणजे जिवंत आहे, वर जा. पोरं माझ्याकडे बघायची. मला लाज वाटायला लागली, आणि नंतर राग. शेवटी मी तिच्या कानात ओरडून सांगितलं, की आई, चाक भंगारात गेलं, मी पाळण्यात होते तेव्हा. ती म्हणाली, मला माहीत नाही का? माझ्यासमोरूनच नेलं.

आणि मग मला ऐकू आला.

कधीपासून येत असेल सांगता येत नाही. पावसाचा, पऱ्ह्याचा एवढा गोंगाट होता की त्यात तो मिसळून गेला होता. मी मागच्या दारी भांडी विसळत होते, सकाळची वेळ होती. पाऊस जरा कमी झाला आणि त्याच्या खालून तो वर आला. घूंऽऽ... धप्. पायाखालून, जमिनीतून आल्यासारखा. मी भांडं खाली ठेवलं. म्हटलं, माझ्या मनानेच आता खेळ सुरू केले, झोप नाही, पोटात अन्न नाही, असं होतं, मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगते. मी आत गेले, चहा प्यायले, बाहेर आले. चालूच.

हे मी तिथेच सोडून दिलं असतं. पण त्या बचाव टीममधला एक मुलगा चहाला आला होता. घाटावरचा, आमच्या गावाशी त्याचा काडीचा संबंध नाही. कप हातात घेऊन कान देत उभा राहिला आणि मला म्हणाला,

"ताई, एवढ्या पावसात वर गिरण कोण चालवतं? पट्टा ढिला झालाय बघा त्यांचा, अडखळतेय मधेच."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मी म्हटलं, असेल कोणाची तरी. दुसरं काय सांगणार होते? त्याच्या साहेबाला जाऊन सांगू, की भंगारात गेलेलं चाक फिरतंय तेव्हा माझा भाऊ वर जिवंत आहे, तुम्ही नदी सोडा आणि पोरं सरकत्या मातीवर चढवा? तरी मी गेले त्यांच्याकडे. चक्कीचं बोलले नाही, पण हात जोडले, एकदा वर बघा म्हटलं. ते समंजस गृहस्थ होते. म्हणाले, ताई, पाऊस थांबला की पहिलं तेच करू.

पाऊस थांबेना. आणि आवाजही थांबेना. दिवस जात होते. मला तर आता तो थांबू नये असंच वाटायला लागलं होतं. भांडी घासताना, वरण उकळताना माझा एक कान तिकडे असायचा. आई मात्र शांत होती. जेवत होती, मला जेव म्हणत होती. दादाचे कपडे चुलीवर वाळत घातले होते तिने, आल्यावर त्याला कोरडे लागतील म्हणून. खरं सांगू? त्या दिवसांत मी माझ्या आईइतकीच अडाणी झाले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एके दुपारी, जेवणं होऊन गेली होती, टीमसाठी चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं, मी तांदूळ निवडत होते. तो आवाज थांबला. हळूहळू कमी होत गेला वगैरे काही नाही. घूं झाला, आणि धप् आलाच नाही. मी सूप हातात धरून तशीच बसले. येईल, आता येईल. पाऊस पडत होता, पऱ्ह्या वाहत होता, सगळे आवाज होते.

आई चुलीसमोर होती, माझ्याकडे पाठ करून. तिने चहाचं पातेलं उतरवून ठेवलं. कळशीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि चुलीत ओतलं. धूर झाला. ती म्हणाली,

"फळी टाकली."

एवढंच. रडली नाही. पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसली.

पाऊस उघडला दोन-तीन दिवसांनी. माती जरा बसल्यावर वर गेलो, मीही गेले, कोणाचं ऐकलं नाही. सगळी दरड पालथी घातली. जेसीबी चढेना म्हणून कुदळी-फावड्यांनी. दादा नाही. काठी नाही, बूट नाही. पावरहाऊसला दरड लागलेलीच नव्हती, भिंती होत्या तशा उभ्या. आतही कोणी नाही. मी चाकाच्या खड्ड्याशी गेले. त्यावर अजून स्लॅब आहे. खाली गेल्या वर्षीचा पाचोळा जसाच्या तसा, त्यावर कोळ्यांची जाळी. एक धागा तुटलेला नव्हता. पाण्याचा थेंब त्या खड्ड्यातून गेला नव्हता, आणि जाणार कुठून? पाट तर पहिल्याच दिवशी, डोंगर सुटला तेव्हाच दरडीखाली गेलेला.

आमच्या दुकानात एक पाटबंधाऱ्यातले रिटायर्ड इंजिनिअर येतात. त्यांना मी हे सगळं विचारलं, दुसऱ्या कोणाचं म्हणून. ते लगेच म्हणाले, सोपं आहे. पुराचं पाणी जुन्या पाटातून खड्ड्यात पडत असणार, तो पोकळ आवाज. पूर उतरला, आवाज थांबला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तोंडातून निघूनच गेलं, की पाट नव्हता आणि खड्डा कोरडा होता. त्यांनी गोळ्यांची पट्टी उलटून तारीख बघितली. मग हायवेच्या कामाची मशीन असेल म्हणाले. हायवेचं काम त्या पावसात पूर्ण बंद होतं, हे त्यांनाही माहीत होतं. गोळ्या घेऊन गेले.

देह मिळाला नाही. भटजी म्हणाले पालाशविधी करू. पळसाची पानं आणि दर्भ घेऊन माणसासारखी आकृती करतात, तिला अग्नी देतात, नाव-गोत्र तेच घेतात. चुलतभावाने सगळं केलं. बायकांनी स्मशानात यायचं नाही म्हणतात, त्यावरून मी पहिल्यांदाच भांडले नाही, आईजवळ पडवीत थांबले. तिचा डोळा डोंगराकडे. पोरांनी खालून फोन केला, दिला अग्नी म्हणून. मी आईला खुणेने सांगितलं. आम्ही दोघी बसून राहिलो. संध्याकाळ झाली, माणसं आंघोळी करून परत आली, शेजारची काकी पिठलं-भात घेऊन आली. काहीही सुरू झालं नाही. आई म्हणाली, पानांना काय फसणार आहे चक्की.

तेव्हापासून तिने चूल पेटवलेली नाही. गॅसही नाही. शेजारून ताट येतं ते खाते. मी रत्नागिरीला चल म्हणून सांगून थकले, ती पडवी सोडायला तयार नाही. तिला स्वतःच्या कानांचा भरवसा उरलेला नाही, म्हणून दर रविवारी मी गेले की मला विचारते, येतंय काय गो ऐकू? मी मागच्या दारी जाऊन उभी राहते. खोटं नाही, खरंच उभी राहते. आणि येऊन नाही म्हणून मान हलवते.

आता माझं काय ते सांगते. मला भुतांची भीती नाही. तो आवाज म्हणजे काहीच नव्हता, असं मला कोणीतरी पटवून द्या. कारण तो खरा असेल तर आई म्हणत होती ते सगळंच खरं. मग छत्री नुसतीच वाहत खाली आली. मग आम्ही सगळे नदीत गळ टाकत होतो तेव्हा दादा वर कुठेतरी पडलेला होता, जिवंत, इतके दिवस, त्याच पावसात, हाका मारत असेल, आणि त्या दुपारी मी तांदूळ निवडत असताना तो गेला. पुरात एका क्षणात गेला असेल तर मी सहन करीन. हे दुसरं मला सहन होत नाही. त्या टीममधल्या मुलाला मी फोन करून विचारलं, भास झाला असेल ना रे तुला? तो म्हणाला, नाही ताई, आमच्यातल्या चौघांनी ऐकली, अडखळत होती ती.  

मागच्या रविवारी आईने परत विचारलं आणि मी मान हलवली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "येणार नाय आता तो, कळतंय मला. चक्की नुसती चालू झाली ना गो, तरी बास."

मग काकीकडून ताट आलं. ऊन आमटी होती, आईने मला वाढली आणि आम्ही जेवलो.